खाल्लेले अंगाला लागेना: ऑक्सिश्वसनाचा लगाम सुटलेल्या एका रुग्णाचे प्रकरण

१९५० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये डॉ. रॉल्फ लुफ्ट यांच्याकडे एक स्वीडिश महिला तपासणीसाठी आली. वय पस्तिशीच्या आसपास, पण दुखणे जुने, साधारण सातव्या वर्षापासूनचे. अंगाला सतत घाम. उकाडा अजिबात सोसत नसे. तहान इतकी की पाणी पिऊन समाधान होत नसे, पण त्या मानाने लघवी वाढलेली नव्हती. भूक दणदणीत, जेवण भरपूर, आणि तरी खाल्लेले अंगाला लागत नव्हते. वजन वाढायचे नावच नाही. जोडीला अशक्तपणा.

ही लक्षणे एकत्र वाचली की कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिले नाव येते ते थायरॉइडचे. ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक सोडू लागली तर चयापचय वाढते, माणूस खात राहतो आणि वाळत जातो. लुफ्ट हे अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ, म्हणजे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग. शिवाय रुग्णाचा मूलभूत चयापचय दर या संशयाला पुष्टीच देत होता. माणूस उपाशीपोटी, शांत पडून असताना किती ऑक्सिजन वापरतो यावरून हा दर काढतात. तिचा दर सामान्यापेक्षा सुमारे १८० टक्क्यांनी अधिक होता, म्हणजे साधारण २.८ पट.

पण थायरॉइडच्या चाचण्या सामान्य आल्या. थायरॉइडवर उपचार करूनही चयापचयाचा दर सामान्य पातळीवर उतरला नाही. ग्रंथीचा दोष नाही म्हटल्यावर हा सगळा ऑक्सिजन जातो कुठे, हा प्रश्न उरला.

आधी आकड्यांचा अर्थ समजून घेऊ. एखाद्या लहानखुऱ्या स्त्रीचा मूलभूत चयापचय दर दिवसाला १३०० किलोकॅलरी धरला, तर २.८ पट म्हणजे सुमारे ३६०० किलोकॅलरी. अंगमेहनतीचे काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात लागेल इतकी ऊर्जा हे शरीर नुसते पडून खर्च करत होते. वरच्या २३०० किलोकॅलरींचे काय होत असेल? काम काहीच घडत नाही, म्हणजे ती उष्णता होऊनच बाहेर पडणार. त्वचेवरचा १ लिटर घाम सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही सगळी जादा उष्णता घामावाटे बाहेर काढायची म्हटली तर दिवसाला जवळपास ४ लिटर घाम लागेल. काही उष्णता त्वचेवरून थेट बाहेर पडते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून कमी असणार. हा माझा ढोबळ हिशेब आहे, तिच्या नोंदींतला नाही. पण तहान इतकी असून लघवी का वाढली नाही, हे त्यातून लगेच कळते. प्यालेले पाणी मूत्रपिंडापर्यंत जाण्याआधीच त्वचेतून निघून जात होते.

लुफ्ट यांचे मोठेपण पुढच्या पावलात आहे, असे मला वाटते. थायरॉइडवरचा संशय फिटल्यावर प्रकरण ‘कारण अज्ञात’ म्हणून बंद करता आले असते. त्यांनी विचार केला की ऑक्सिजन शेवटी वापरला जातो तो पेशीत, आणि पेशीतही मुख्यतः तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रिया), म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या पेशीतल्या सूक्ष्म अंगकांत. मग दोष तिथेच शोधायला हवा. स्टॉकहोममध्ये तेव्हा तंतुकणिकांवर काम करणारे जीवरसायनतज्ज्ञ लार्स अर्नस्टर होते. माणसाच्या स्नायूचा लहानसा तुकडा घेऊन त्यातल्या तंतुकणिका वेगळ्या काढायच्या आणि त्यांचे काम मोजायचे, ही पद्धत अर्नस्टर, डी. इक्कोस आणि लुफ्ट यांनी १९५९ मध्ये प्रसिद्धही केली होती. साधन हाताशी होते, आणि त्या साधनाची गरज असलेला रुग्णही समोर होता.

त्यांना काय सापडले ते समजायला अन्नाचा पेशीतला प्रवास, म्हणजे ऑक्सिजन वापरून अन्नातून ऊर्जा काढणारे ऑक्सिश्वसन, माहीत हवे. सुरुवातीचे टप्पे मी भरभर सांगतो, कारण या प्रकरणातला घोटाळा तिथे नाही.

ग्लुकोजचा रेणू आधी पेशीद्रव्यात फुटतो आणि पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात. या पायरीला ऑक्सिजन लागत नाही, आणि पदरात पडतात निव्वळ २ एटीपी. एटीपी म्हणजे पेशी कामासाठी ज्याच्या रूपात ऊर्जा खर्च करते तो रेणू. पायरुविक आम्ल तंतुकणिकेत शिरते, त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि उरलेला दोन कार्बनचा भाग को-एन्झाइम-ए या वाहक रेणूच्या खांद्यावरून क्रेब चक्र या रासायनिक क्रियांच्या फेऱ्यात जातो. हे चक्र हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडले. चक्रातून एका ग्लुकोजमागे आणखी २ एटीपी मिळतात आणि उरलेले कार्बनही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. इथवर ग्लुकोजचा सांगाडा पूर्ण मोडला, पण एटीपी जमले अवघे ४. बाकीची ऊर्जा इलेक्ट्रॉनांत आहे, आणि ते इलेक्ट्रॉन एनएडीएच व एफएडीएच२ या वाहकांवर चढून बसलेले आहेत. एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच आणि २ एफएडीएच२.

खरी गोष्ट यापुढची, आणि शाळेत नेमकी तीच दोन ओळींत उरकली जाते.

तंतुकणिकेला दोन पडदे असतात. आतला पडदा घड्याघड्यांचा, आणि त्यात प्रथिनांचे मोठे संच रोवलेले. एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन पहिल्या संचाला देतो. तिथून ते पुढच्या पुढच्या संचांकडे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. ऑक्सिजन, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन मिळून पाणी होते. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचे मुख्य काम एवढेच: साखळीच्या टोकाशी उभे राहून इलेक्ट्रॉन उचलणे. तो नसेल तर सगळी रांग जागच्या जागी थांबते.

इलेक्ट्रॉन सरकताना जी ऊर्जा सुटते तिने हे संच प्रोटॉन आतून बाहेर ढकलतात. एनएडीएचच्या दोन इलेक्ट्रॉनांमागे साधारण १० प्रोटॉन. पडद्याबाहेर प्रोटॉनांची गर्दी आणि आत टंचाई, अशी स्थिती तयार होते, आणि पडद्याच्या दोन बाजूंत दीड-दोनशे मिलिव्होल्टचा विद्युत फरक पडतो. आकडा क्षुल्लक वाटेल, पण तो पडदा अवघा ५-६ नॅनोमीटर जाड आहे. दर मीटरला हिशेब केला तर हे विद्युत क्षेत्र अडीच-तीन कोटी व्होल्टच्या घरात जाते. हा आकडा मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, कारण खाल्लेल्या अन्नाची बहुतेक ऊर्जा एटीपी होण्याआधी काही क्षण या पातळ पडद्यावरच्या ताणाच्या रूपात असते.

प्रोटॉनांना परत आत यायचे असते. पडदा त्यांना सहज आत येऊ देत नाही. मुख्य वाट एकच, एटीपी सिंथेज या विकरातून (एन्झाइममधून). प्रोटॉन त्यातून जाताना विकराचा एक भाग अक्षरशः गरगर फिरतो आणि त्या फिरण्याच्या जोरावर एडीपीला, म्हणजे एटीपी खर्च झाल्यावर उरणाऱ्या रेणूला, फॉस्फेट जोडून पुन्हा एटीपी तयार होतो. वाहतुकीचा खर्च धरून एका एटीपीमागे सुमारे ४ प्रोटॉन लागतात. म्हणून एका एनएडीएचमागे अडीच एटीपी, आणि सगळे मिळून एका ग्लुकोजमागे ३० ते ३२. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ आकडा दिसतो. प्रोटॉनांचा हिशेब नीट लागल्यावर तो खाली आला.

आता या प्रकरणाचा गाभा. समजा पेशीला एटीपीची गरज नाही. एटीपी खर्च होत नाही, म्हणून एडीपी तयार होत नाही. एडीपी नाही म्हटल्यावर एटीपी सिंथेजला जोडायला काही नाही, तो थांबतो. प्रोटॉनांची वाट बंद होते, बाहेरची गर्दी वाढते आणि त्या दाबाविरुद्ध आणखी प्रोटॉन ढकलणे अवघड होत जाते. सायकलच्या टायरमध्ये पंपाने हवा भरताना शेवटी दांडा खाली जाईनासा होतो, तसेच. साखळी मंदावते, इलेक्ट्रॉन थबकतात, ऑक्सिजनचा वापर घटतो. स्नायू कामाला लागला, एटीपी खर्च झाला, एडीपी आला की वाट उघडते, दाब उतरतो आणि पेशीचे श्वसन वेग घेते. म्हणजे अन्न किती वेगाने ‘जळायचे’ हे ताटात किती वाढले यावर ठरत नाही आणि हवेत ऑक्सिजन किती यावरही सहसा ठरत नाही. ते ठरते कामाच्या मागणीवर. याला श्वसन नियंत्रण म्हणतात, आणि १९५० च्या दशकात हेन्री लार्डी, ब्रिटन चान्स यांच्यासारख्यांनी प्राण्यांच्या तंतुकणिकांवर ते बारकाईने मोजले होते.

आता प्रयोगशाळेत काय झाले ते पाहू. या महिलेच्या स्नायूचा तुकडा घेऊन तो बारीक केला, वेगवेगळ्या वेगांनी फिरवून तंतुकणिका वेगळ्या केल्या. त्यांना इंधन आणि फॉस्फेट असलेल्या द्रावणात ठेवले आणि ऑक्सिजन किती वेगाने खर्च होतो ते मोजले. निरोगी माणसाच्या तंतुकणिका अशा वेळी संथ असतात. इंधन आहे, ऑक्सिजन आहे, पण एडीपी नाही, म्हणून त्या थांबून राहतात. एडीपी घातला की वेग एकदम कैक पटींनी उसळतो. तो एडीपी संपला की पुन्हा संथ. हा चढउतार म्हणजे निरोगी तंतुकणिकेची ओळखच.

तिच्या तंतुकणिका एडीपी नसतानाच वेगात होत्या. एडीपी घातल्यावर त्या वेगात फारसा फरक पडेना, कारण त्या आधीच जवळपास कमाल वेगावर होत्या. मागणी असो नसो, इंधन जळतच होते.

ब्योर्न अफझेलियस यांनी स्नायूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले तेव्हा तंतुकणिका संख्येने फार जास्त दिसल्या, आकाराने लहानमोठ्या, आतल्या पडद्याच्या घड्या दाटीवाटीने भरलेल्या. माझ्या मते ही वाढ म्हणजे स्नायूने केलेली भरपाई. एकेका तंतुकणिकेतून कामाची ऊर्जा पुरेशी हाती येत नसेल, तर त्यांची संख्या वाढवणे हाच पेशीपुढचा मार्ग.

इथे एक बारकावा आहे आणि निदानाचा सगळा भार त्याच्यावर आहे. तिच्या तंतुकणिका एटीपी बनवत होत्या. इलेक्ट्रॉनांची साखळी आणि एटीपीची निर्मिती यांचे नाते पूर्ण तुटलेले नव्हते, ते सैल झाले होते. एडीपी मिळाला की त्या एटीपी करत. नाही मिळाला तरी ऑक्सिजन ओढत राहत. ते नाते पूर्णपणे तुटले असते तर ती जगलीच नसती, आणि हे आपण खात्रीने म्हणू शकतो ते एका वेगळ्या, दुर्दैवी अनुभवावरून.

१९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी डायनायट्रोफेनॉल या रसायनाने चयापचय वाढते आणि वजन उतरते असे दाखवले. ते बाजारात आले आणि लोकांनी धडाधड घ्यायला सुरुवात केली. वजन खरेच उतरत होते. पण मात्रा थोडी जास्त झाली की ताप चढत जाई, तो कोणत्याही तापाच्या औषधाने उतरत नसे आणि माणसे दगावत. काहींना मोतीबिंदू झाले. १९३८ च्या नव्या अमेरिकी औषध कायद्यानंतर त्याचा हा वापर बंद पाडण्यात आला. आजही हे रसायन वजन घटवण्यासाठी चोरून विकले जाते आणि आजही त्याने मृत्यू होतात. म्हणून स्पष्ट लिहितो, त्याची सुरक्षित मात्रा नाही. १९४८ मध्ये लूमिस आणि लिपमन यांनी दाखवले की हे रसायन इंधनाचे ज्वलन चालू ठेवते आणि एटीपीची निर्मिती तोडते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते प्रोटॉनांना पाठीवर घेऊन पडद्यातून थेट आत सोडते. एटीपी सिंथेजला वळसा घातला जातो आणि पडद्यावरचा ताण थेट उष्णता होऊन जातो. या महिलेच्या शरीरात जे थोडे सैल होते, ते डायनायट्रोफेनॉल जबरदस्तीने पूर्ण सोडवते.

हेच सैल होणे शरीर काही ठिकाणी मुद्दाम वापरते, हे विसरता कामा नये. नवजात बाळांच्या पाठीवर, खांद्यांच्या आसपास तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत यूसीपी-१ नावाचे प्रथिन प्रोटॉनांना एटीपी सिंथेजच्या वाटेने न नेता आत सोडते आणि त्या उष्णतेवर बाळाचे अंग गरम राहते. फरक असा की ते प्रथिन थंडी वाजल्यावर, चेतासंस्थेच्या हुकमावरून उघडते. लुफ्ट यांच्या रुग्णाच्या स्नायूंत मात्र हुकूम देणारेही कोणी नव्हते आणि थांबवणारेही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. उष्णता निघणे हा दोष नाही. १८० ग्रॅम, म्हणजे एक मोल ग्लुकोज पूर्ण जळल्यावर ६८६ किलोकॅलरी सुटतात. त्यातून ३० मोल एटीपी, प्रति मोल ७.३ किलोकॅलरी धरले तर २१९ किलोकॅलरी हाती लागतात, म्हणजे सुमारे ३२ टक्के. हा प्रमाणित परिस्थितीतला आकडा. पेशीत एटीपीची किंमत याहून जास्त असल्याने प्रत्यक्ष कार्यक्षमता अधिक भरते. तरीही मोठा हिस्सा उष्णतेतच जातो, आणि म्हणून तर आपले शरीर ३७ अंशांवर राहते. तिच्या बाबतीत बिघडले ते प्रमाण, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागणी नसताना थांबण्याची क्षमता.

लुफ्ट, इक्कोस, पाल्मिएरी, अर्नस्टर आणि अफझेलियस यांनी हे प्रकरण १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. तारीख ध्यानात घेण्यासारखी आहे. पीटर मिचेल यांनी प्रोटॉनांच्या दाबाची कल्पना त्याच्या आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये मांडली होती आणि तेव्हा ती बहुतेकांना पटलेली नव्हती. त्या कल्पनेला नोबेल मिळाले १९७८ मध्ये. फिरणाऱ्या एटीपी सिंथेजसाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना ते मिळाले १९९७ मध्ये. म्हणजे मी वर प्रोटॉन, दाब, ताण या शब्दांत जे समजावले, तसे समजावण्याची सोय त्या चमूला नव्हती. त्यांच्या हाती होत्या फक्त मोजण्या: ऑक्सिजनचा वेग, एडीपीआधीचा आणि एडीपीनंतरचा. तरी निष्कर्ष अचूक होता. यंत्रणेचा पूर्ण नकाशा हाती नसताना दोष कुठल्या सांध्यात आहे हे नेमके सांगता येणे, याचे मला फार अप्रूप वाटते.

पेशीच्या एका विशिष्ट अंगकातल्या बिघाडातून आजार होतो, असे माणसात प्रथमच इतक्या थेटपणे दाखवले गेले. तंतुकणिकांत स्वतःचा डीएनए असतो हे तोवर दिसलेही नव्हते. मार्गिट आणि सिल्व्हन नास यांनी तो दाखवला पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, आणि तोही स्टॉकहोममध्येच. तंतुकणिकांच्या डीएनएतल्या बिघाडांमुळे माणसांत आजार होतात हे समोर यायला १९८८ उजाडले. त्या अर्थाने हे प्रकरण काळाच्या बरेच पुढे होते.

अशी दुसरी रुग्ण १९७० च्या दशकात नोंदली गेली, जॉर्डनची एक तरुणी. चित्र तेच: चयापचय प्रचंड, थायरॉइड सामान्य, स्नायूतल्या तंतुकणिका बेलगाम. तिच्या तंतुकणिकांना कॅल्शियम धरून ठेवता येत नव्हते. कॅल्शियम आत घ्यायचे, गमवायचे, पुन्हा घ्यायचे, आणि प्रत्येक फेरीत पडद्यावरचा ताण खर्च करायचा, असे चक्र चालत असावे असा अंदाज तेव्हा बांधला गेला. इतकी मोजकी उदाहरणे असल्याने हा आजार दुर्मीळांतला दुर्मीळ ठरतो. वैद्यकात बहुतेक तंतुकणिका-विकार याच्या बरोबर उलटे असतात. त्यांत साखळीचा एखादा संच अपुरा पडतो, ऊर्जा कमी मिळते, आणि मेंदू, हृदय, स्नायू यांसारखे ऊर्जेवर जगणारे अवयव आधी थकतात.

२०२२ मध्ये मात्र या चित्रात एक महत्त्वाची भर पडली. जन्मापासून चयापचय वाढलेल्या एकसारख्या जुळ्या भावंडांत एटीपी सिंथेजच्याच बीटा उपघटकाच्या जनुकात बदल आढळला. ज्या विकरातून प्रोटॉनांनी काम करून जायचे, त्यातच दोष. त्यांच्या पेशी ऑक्सिजन जास्त वापरत होत्या आणि त्या वापराचा एटीपीच्या निर्मितीशी नीट मेळ बसत नव्हता.

आज असा संशय आला तर पेशींवर करायची एक मोजणी सरळ आहे. ऑलिगोमायसिन हे रसायन एटीपी सिंथेजची वाट बंद करते. ते घातल्यावरही तंतुकणिका जो ऑक्सिजन वापरत राहतात, तो जवळपास सगळा पडद्यातून होणाऱ्या प्रोटॉनांच्या गळतीमुळे. निरोगी पेशीतही हा आकडा शून्य येत नाही. उंदरांवरच्या मोजण्यांवरून विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्यातला साधारण पाचवा हिस्सा ऑक्सिजन या गळतीवर खर्च होतो. म्हणून निदान करताना गळती आहे की नाही हे विचारून भागत नाही. ती किती आहे, आणि एडीपी दिल्यावर श्वसनाचा वेग किती पटींनी वाढतो, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावे लागतात.